पाव नातं

४ जानेवारी

चि. शहाणे,
आशीर्वाद, नेहमीचेच. जपून वापर.

समोरची शिंपीण काल मला जिन्यात गाठून म्हणाली, "तुमची भाची मॉडेलिंग करते म्हणे! एखादा फोटो दाखवा की." मी म्हटलं, "फोटोत काही दिसायचं नाही, तिचं मॉडेल कॉम्प्युटरच्या आत असतं." तिला वाटलं मी काहीतरी लपवतेय. आता जिना उतरताना ती माझ्याकडे दयेने बघते.

तेव्हा तू नेमकं काय करतेस ते एकदा कागदावर लिहून कळव. फोनवर सांगू नकोस. फोन तुझ्या बाबांच्या खुर्चीशेजारी आहे. मी "हॅलो" म्हटलं की पुढचं सगळं दादाच बोलतो, आणि मला काय वाटतं तेही तोच सांगतो.

इकडची बातमी म्हणजे परवा औषधांच्या दुकानातलं काम आटोपून घरी आले आणि किल्ली दारातच मोडली. दादा आत होता. मी ओरडले, "दार उघड!" तो आतून म्हणाला, "किल्ली तुझ्याकडे आहे ना?" निवृत्त मुख्याध्यापक आहेत ते, घरातल्या कड्या कुठल्या बाजूला सरकतात हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्यांना बोलावलं. त्यांनी दार उघडलं तेव्हा दादा पेपर वाचत होता. म्हणाला, "आलीस? चहा टाक."

तुझी,
आत्या

*

१५ जानेवारी

ती. आत्या,
नमस्कार, वाकून. (हल्ली वाकलं की मळमळतं. कँटीनची कृपा.)

शिंपीणबाईंना सांग, माझी मॉडेल्स खूप देखणी आहेत, पण कपडे घालत नाहीत. ते पक्षी आहेत, आणि खरे पक्षीही नाहीत. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे ठिपके. काही जातींत पिल्लू मोठं झालं तरी घरटं सोडत नाही. स्वतःचं घर मांडायचं सोडून आईबापांची पुढची पिल्लं भरवत बसतं. आता निसर्ग तर पक्का स्वार्थी, मग हा परोपकार टिकला कसा? हे शोधायला माझ्या हयातीत लाखभर पिढ्या जगतील असे पक्षी मिळणार नाहीत. म्हणून मी ठिपके करते. प्रत्येक ठिपक्याला आईबापाकडून एक आकडा मिळतो, घरी राहण्याची ओढ किती त्याचा. मग त्यांना जगू देते, मरू देते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी तो आकडा वाढतो की घटतो ते पाहते. संध्याकाळपर्यंत एका जातीचा इतिहास संपतो, मग मी घरी जाते. देवाला सहा दिवस लागले म्हणतात, पण त्याच्या डोक्यावर आमच्या विभागप्रमुख बाई नव्हत्या.

गोम अशी की मदत रक्ताच्या नात्यात केली तर फुकट जात नाही. भावंडांत आपलं अर्धं रक्त असतं, भाच्यात पाव. भाचा जगला तर आपलंच पावभर पुढे गेलं. त्यात बाहेर जागांची टंचाई असेल, तर घरी राहून लष्कराच्या भाकऱ्या भाजणं हाच शहाणपणा ठरतो.

राग मानू नकोस, पण गेल्या आठवड्याच्या व्याख्यानात मी तुझंच उदाहरण दिलं. "माझी आई मी पाळण्यात असताना गेली. आत्याने लग्न केलं नाही, भावाचं घर सांभाळलं, मला वाढवलं. समीकरण ते हेच." लोक खूप हसले. बाईसुद्धा हसल्या, आणि त्या वर्षातून एकदाच हसतात.

ते कुलूप बदलूनच टाक ना एकदाचं.

तुझी,
शहाणी

*

२८ जानेवारी

चि. शहाणे,

पाव? तुझा गोवर काढला, तुझ्या गणिताच्या मास्तरांशी भांडले, तुझ्या पहिल्या प्रेमभंगात तुझ्याबरोबर रडले, आणि हाती काय आलं? पाव! निदान वर लोणी तरी लावायचं होतंस.

लोक हसले ते बरं झालं. माझ्यामुळे कुणाची करमणूक होते हे आजवर कुणी कळवलं नव्हतं. फक्त एक दुरुस्ती. "लग्न केलं नाही" हे तू असं म्हणतेस जणू मी समीकरण मांडलं, उत्तर काढलं आणि मग नाही म्हणाले. मला कुणी विचारलंच नव्हतं गं. जे दोघं विचारायला आले त्यांना दादाने दारातच सांगितलं, "सध्या घरात लहान मूल आहे." ते लहान मूल पुढे पीएच.डी. झालं तरी "सध्या" काही संपलं नाही.

आता माझी एक अडाणी शंका. तुझ्या त्या घरी राहिलेल्या पक्षिणीला पुढे कधीतरी, पिल्लं उडून गेल्यावर वगैरे, आपणही उडावं असं वाटलं तर तुझा कॉम्प्युटर काय करतो?

कुलूप बदललं नाही. किल्लीवाले म्हणाले, कुलूप चांगलं आहे, सवयीने कुरकुरतंय. परत येऊन तेल घालून गेले. मग म्हणाले, कपाटाचंही बघू का. त्याचंही बघितलं. मोजकं बोलतात. एक वाक्य बोलायचं, मग बराच वेळ कानशीने घासायचं, मग दुसरं. दादाच्या भाषणांनंतर हे कानाला फार बरं वाटतं.

आत्या

*

१० फेब्रुवारी

ती. आत्या,

शंका अडाणी नाही, गैरसोयीची आहे. माझ्या मॉडेलमध्ये एकदा राहिली ती कायमची राहिली. ती पुढे निघून जाण्याची शक्यता मी शून्य धरली आहे. त्याला आम्ही "सोयीसाठी केलेलं गृहीतक" म्हणतो. सगळ्याच शक्यता धरल्या तर ते मॉडेल न राहता आयुष्य होईल, आणि आयुष्य कुठलं मासिक छापत नाही.

आता खरी बातमी. ती मळमळ कँटीनची नव्हती. ऑगस्टमध्ये तू आजी होणार! आत्तेआजी म्हण, काहीही म्हण. नवरा आनंदाने वेडा झालाय, म्हणजे तो दिवसभर पाळण्यांच्या किमतींचे तक्ते करतोय. ऑक्टोबरमध्ये माझी मोठी परिषद आहे आणि सुट्टी जेमतेम, पण मला कसलीच काळजी नाही. तुझी खोली तयार आहे. खिडकीजवळ पलंग टाकलाय, जाड गादी आणलीय. जुलैपासूनच ये. बाबांशी मी फोनवर बोलून घेतलंय, ते तुला सोडायला तयार आहेत. आधी तीन महिने म्हणत होते, मी सहावर आणलं.

आणि आता तर अर्धपाव येतोय! नात्याने तुझा आठवा हिस्सा. बघ, इस्टेट वाढतेय.

किल्लीवाल्यांना म्हणावं, घरात कपाटं तरी किती आहेत?

तुझी,
(दोन जिवांची) शहाणी

*

२ मार्च

चि. शहाणे,

तुझं पत्र वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. आनंदाने. मालकाला वाटलं औषधाची बाटली फुटली. तुझी आई आज हवी होती. लोह वेळेवर घे, आणि ते चहाबरोबर घेऊ नकोस.

दादाने तुला सहा महिने दिले हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. तीनवरून सहावर आणलंस, हुशार आहेस. एवढं मागितलंस तर मिळालं, मग आणखी थोडं ताणून मलाही विचारून पाहायचं होतंस.

असो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. घरातली कपाटं संपली, शहाणे. कपाटं झाली, ट्रंका झाल्या, तुझी शाळेतली पेटीसुद्धा झाली. गेल्या गुरुवारी किल्लीवाले कानस पिशवीत टाकून म्हणाले, "तुमच्या घरातली सगळी कुलपं आता नीट चालतात. मला यायला निमित्त उरलं नाही."

मी म्हटलं, "मग?"

"मग निमित्ताशिवाय यायचं, तर नातं लागतं."

आणि इतकी वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ होतं, तो प्रश्न समोर आल्यावर मी म्हटलं काय, तर "चहा घेणार का?" ते म्हणाले, "घेईन. पण उत्तर चहात बुडवू नका."

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूल नाही. त्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, स्वयंपाक स्वतः करतात, भांडी घासून पालथी ठेवतात. मी जाऊन पाहून आले. हो, मी गेले होते. शिंपिणीने पाहिलं. आता ती माझ्याकडे दयेने बघत नाही.

मी हो म्हणाले आहे. दादाला अजून सांगितलं नाही. आधी तुला सांगितलं, कारण हसायचं असेल तर तू व्याख्यानात हसशील, तोंडावर नाही.

आत्या

*

१० मार्च

ती. आत्या,

अगं, किती छान! मनापासून अभिनंदन. बाई म्हणून, शास्त्रज्ञ म्हणून, तुझी भाची म्हणून मी शंभर टक्के तुझ्या बाजूने आहे. कुठल्याही वयात माणसाला स्वतःचं आयुष्य जगायचा हक्क आहे. याबद्दल माझ्या मनात काहीही शंका नाही.

फक्त आत्ताच का? म्हणजे मी आपलं विचारते. इतकी वर्षं थांबलीस, तर बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत थांबायला काय हरकत आहे? ते खरंच इतके चांगले असतील तर वर्षभर थांबतील, आणि थांबले नाहीत तर तेवढे चांगले नव्हते. दोन्हीकडून तुझाच फायदा. बाबांचंही वय झालंय. त्यांना गॅस पेटवता येत नाही.

आणि थट्टेत घे, पण हिशेबच मांडायचा तर बाबा तुझे अर्धे, मी पाव, बाळ अर्धपाव. किल्लीवाले तुझे नात्याने शून्य. एक शून्य एका पारड्यात आणि आम्ही सगळे दुसऱ्यात.

राग मानू नकोस. मी घाबरले आहे, एवढंच. मला बाळाला धरताही येत नाही.

तुझी,
शहाणी

*

२२ मार्च

चि. शहाणे,

तुझं पत्र शनिवारी आलं आणि दादाला मी रविवारी सांगितलं, त्यामुळे तुलना करायला सोपं गेलं. तुम्हा दोघांची पहिली प्रतिक्रिया शब्दाशब्दाने एकच: "आत्ताच का?" अर्धं रक्त असं बोलतं होय!

तो जेवत होता. घास तसाच हातात.

"मी नाही कुठे म्हणतोय?" म्हणाला. "पण किल्लीवाला?"

मी म्हटलं, "दार अडकल्यावर न्यायाधीश येत नाही दादा. किल्लीवालाच येतो."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारी लग्न करतेय. खोटं कुठे आहे?"

"आणि माझं काय?"

हे मात्र तो हळू बोलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मी दोन गल्ल्या पलीकडे असेन. गॅस पेटवायला शिकवते, आत्ता." तो उठला, हात धुतला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दाराला कडी घातल्याचा आवाज छान आला. नुकतंच तेल घातलंय ना.

आता तुझा हिशेब. तुझं गणित बरोबरच असणार, मी त्यात काय बोलू? पण त्या शून्य नात्याच्या माणसाने परवा मला विचारलं, "दिवसभर काउंटरवर उभं राहून तुमचे पाय दुखत असतील ना?" मी उत्तर द्यायला एवढा वेळ लावला की त्यांना वाटलं मी चिडले. अगं, मला आठवावं लागलं. दुखतात का ते मी पाहिलंच नव्हतं. अर्ध्या आणि पाव नात्यांनी ही चौकशी कधी केली असेल, तर तारीख कळव.

तू घाबरली आहेस हे एक वाक्य तेवढं खरं होतं तुझ्या पत्रात. तेच पहिलं लिहायचं होतंस. मी तुला पहिल्यांदा उचललं तेव्हा मलाही येत नव्हतं. तू दोन वेळा माझ्या हातून घसरलीस, दोन्ही वेळा गादीवर. शास्त्रज्ञ झालीस ती त्यामुळेच असेल.

बाळंतपणाला मी पंधरा दिवस येईन, पाहुणी म्हणून. पाहुणी म्हणजे मला चहा कुणीतरी करून द्यायचा. सहा महिने येणार नाही.

नोंदणी दोन मेला आहे. सही करायला माझ्याकडचं कुणीतरी लागतं. दादा येणार नाही म्हणालाय. तू आलीस तर बरं. नाही आलीस तर शिंपीण तयार आहे, ती तर नवी साडीसुद्धा काढून बसलीय.

आत्या

*

१९ एप्रिल

ती. आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी रागावले होते. मग राग ओसरला आणि लाज वाटली, आणि लाजेत पत्र लिहायला रागापेक्षा जास्त वेळ लागतो. तारीख शोधली. सापडली नाही.

मग मी माझं नेहमीचं केलं. माणसाशी बोलायचं सोडून कॉम्प्युटर उघडला. ते शून्य काढून टाकलं. घरी राहिलेल्या पक्षिणीला कधीही निघून जाता येईल असं केलं, आणि लाखभर पिढ्या सोडल्या. मला वाटलं होतं काहीतरी सुंदर निघेल. तू गेल्यावर सगळ्यांचंच भलं होईल असा एखादा आलेख तुला लग्नाची भेट म्हणून आणायचा होता.

तसं काही निघालं नाही. निम्म्याहून जास्त वसाहती बुडाल्या. पिल्लं उपाशी मेली. आईबाप चारा आणायचंच विसरलेले होते. उरलेल्या कशाबशा तगल्या, का तगल्या ते मला अजून कळलेलं नाही. आलेख इतका वेडावाकडा आहे की बाई म्हणाल्या, "हा छापू नकोस, मागच्या पेपरवर प्रश्न येतील." मी म्हटलं, "येऊ देत, मागचा पेपर चुकलाच आहे." त्या दिवसापासून बाई माझ्याशी चिठ्ठ्यांतून बोलतात. ऑक्टोबरची परिषद गेलीच समज.

म्हणजे मॉडेल तुझ्या बाजूने नाही, आत्या. मी खूप ओढाताण केली, तरी ते तुझ्या बाजूने होत नाही.

मी तरीही येतेय. तीस एप्रिलच्या गाडीने. सही मीच करणार. शिंपीणबाईंना म्हणावं, साडी वाया जाणार नाही, माझ्या शेजारी उभ्या राहा आणि मला धरा. पोट पुढे आल्यामुळे मला टेबलापर्यंत वाकता येत नाही.

तुझी भाची

*

८ जून

चि. शहाणे,

तू गेलीस आणि घर आठवडाभर तुझ्याबद्दल बोलत होतं. "घर" म्हणजे आम्ही दोघंच, त्यात एक जण वाक्यावाक्याला कानस घासतो. तुझी सही रजिस्टरमध्ये चौकटीबाहेर गेली म्हणून तो कारकून कुरकुरला, तेव्हा "यांनी" त्याच्या ड्रॉवरचं अडकलेलं कुलूप तिथल्या तिथे उघडून दिलं. मग त्याने आपल्याला पेढ्यासारखं गोड तोंड करून निरोप दिला.

दादा महिनाभर बोलला नाही. मी गेले नाही. रोज वाटायचं जावं, भाजी तरी ठेवून यावी. चपला पायात घालायचे आणि काढायचे. हे बघायचे, पण जा म्हणाले नाहीत आणि जाऊ नका असंही म्हणाले नाहीत. हा माणूस मला मी ठरवू देतो, आणि ते काम किती अवघड असतं हे मला या वयात कळतंय.

परवा दादा दुकानात आला. काउंटरवर गर्दी होती. रांगेत उभा राहिला, आयुष्यात पहिल्यांदाच असेल. नंबर आल्यावर म्हणाला, "वरण करपतं. का?" मागचा माणूस खोकल्याचं औषध मागत होता, त्यानेच उत्तर दिलं, "आच बारीक ठेवा हो." दादाने मान डोलावली आणि गेला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण करपतं म्हणजे पेटतंय, नाही का?

पाय सुजले तर ताबडतोब कळव.

आत्या

*

६ सप्टेंबर

ती. आत्या आणि काका,

तुम्ही दोघं गेलात आणि बाळाने त्याच संध्याकाळपासून भोकाड पसरलं. तू पंधरा दिवस खरोखर पाहुणीसारखी राहिलीस. नवऱ्याने केलेला चहा पिऊन "छान झालाय" म्हणालीस, तेव्हा मला कळलं की तू किती थोर आहेस. काकांनी पाळण्याची कडी बसवून दिली ती कुरकुरत नाही, त्यामुळे रडणं अगदी स्वच्छ ऐकू येतं.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी रडत होते, बाळ रडत होतं, नवरा तक्ता करत होता. बेल वाजली. दारात बाबा. हातात बॅग. म्हणाले, "मदतीला आलोय. काय काय करायचं असतं?"

मी नुसती बघत राहिले. ते म्हणाले, "असं बघू नकोस. मला वरण येतं."

आत्या, आठवडा झाला. लंगोट उलटे बांधतात, दुपट्याला इस्त्री करतात, आणि बाळाला मांडीवर घेऊन व्याकरण शिकवतात. बाळ डोळे मोठे करून ऐकतं आणि झोपतं. त्यांचे सगळे विद्यार्थी झोपायचेच, पण याचा त्यांना इतका आनंद आधी कधी झाला नव्हता. हे माझ्या कुठल्या मॉडेलमध्ये बसतं ते मी बघणार नाही. सुट्टीवर आहे.

खाली जागा राहिलीय, ती बाबांनी मागितली.

तुझी भाची

चि. धाकटे,
आशीर्वाद. भाचीचं शुद्धलेखन तू फार सैल ठेवलंस.

मूल माझ्या मांडीवर गप्प राहतं. खाली ठेवलं की उठतं. त्यामुळे मी तीन दिवस एकाच खुर्चीत आहे. पाठ धरली आहे. संध्याकाळी मी विचार करत होतो, ही एवढीशी तुझ्या हातात आली तेव्हा तू दिवसा दुकानात जात होतीस. मग झोपायचीस केव्हा? मी त्याच घरात होतो, पण मला आठवत नाही. मला वाटतं मी झोपलेलो असायचो. केव्हा झोपायचीस ते कळव. घाई नाही, पण कळव.

मी इथे महिना अखेरपर्यंत आहे. तोवर माझ्या घराकडे लक्ष असू द्यावं असं त्यांना सांग. किल्ली शिंपीणबाईंकडे ठेवली आहे, अर्थात त्यांना ती लागणार नाही. परत आलो की दोघं जेवायला या. स्वयंपाक मी करीन.

त्यांना माझा नमस्कार. "त्यांना" म्हणजे कुणाला, हे विचारून मला लाजवू नकोस.

दादा